डीएक्सवरून फुल फ्रेमवर जातेय, झूम लेन्स कोणत्या घ्याव्यात?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं निकॉन डी७२०० (डीएक्स, म्हणजे लहान 'क्रॉप' सेन्सरचा) वापरल्यावर आता फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, जायचं ठरवलंय. कॅमेरा नक्की झाला आहे, झेड फाइव्ह टू. अडलंय ते लेन्सवर.

आज माझ्या बॅगेत तीन लेन्स आहेत. १८-१४० डीएक्स, जी कॅमेऱ्याबरोबरच आली आणि बहुतेक वेळ तीच लावलेली असते. ७०-३०० एफ/४.५-५.६ व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी), जुनी, एका मैत्रिणीकडून घेतलेली. आणि ५० मिमी एफ/१.८ डी.

साताऱ्यात राहते, त्यामुळे कास, सज्जनगड, ठोसेघर आणि पावसाळ्यातले डोंगर हे ओघानंच आलं. माउलींची पालखी लोणंदला आली की तिथपासून फलटणपर्यंत मी दर वर्षी सोबत चालते. हिवाळ्यात भिगवणच्या दोन फेऱ्या होतात. आणि लेक भरतनाट्यम शिकते, तिचे वर्षाला दोन-तीन कार्यक्रम असतात.

लेन्ससाठी दीड लाख बाजूला ठेवलेत. माझ्या मनात झेडची २४-१२० एफ/४ होती. दुकानात तसं सांगितलं तर तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, फुल फ्रेम घेऊन एफ/४ लावणार? मग क्रॉप काय वाईट होता? घ्यायची तर २४-७० एफ/२.८ घ्या, पुढच्या वर्षी ७०-२०० एफ/२.८." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स जास्त प्रकाश आत घेते हे खरं, पण एफ/२.८ची किंमत जवळपास दुप्पट. घेतली तर पैसे तिथेच संपतात आणि पक्ष्यांसाठी काही उरत नाही.

ज्यांनी ही उडी मारली आहे त्यांनी कृपया सांगा. वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तू आहेत, चुकीचं काही घ्यायचं नाहीये.

पाणकावळा

भिगवणचं नाव निघालं म्हणून आधी पक्ष्यांचं बोलतो. तुमच्या डी७२००वर ३०० मिमी लावली की ४५०सारखं दिसतं. फुल फ्रेमवर तीच ३०० ही ३००च. पहिल्या दिवशी होडीत बसून पट्टकादंबाकडे लेन्स रोखाल आणि वाटेल, पक्षी लांब गेला की काय.

त्यामुळे डी७२०० विकू नका. बाकीचं सविस्तर नंतर लिहितो.

जुनी रीळ

ताई, दुकानदाराचं आणि आमचं सगळ्यांचं ऐकण्याआधी एक काम करा. तुमच्या संगणकावर नऊ वर्षांचे फोटो असतील. लाइटरूम वापरत असाल तर लायब्ररीच्या फिल्टरमध्ये फोकल लेन्थनुसार (म्हणजे लेन्सच्या मिमीनुसार) किती फोटो आहेत ते दिसतं. पण सगळे फोटो मोजू नका. जे तुम्हाला आवडले, छापले, कुणाला पाठवले, तेवढेच मोजा. टाकाऊ फोटो कोणत्या लेन्सनं काढले याला काही अर्थ नाही.

आलेल्या आकड्याला दीडनं गुणा, म्हणजे फुल फ्रेमवर काय लागेल ते कळेल. मी रोलवर शिकलो. तेव्हा या आकाराला कुणी फुल फ्रेम म्हणत नसे, ३६ गुणिले २४ मिमी हीच फ्रेम होती आणि २४ची लेन्स म्हणजे किती दिसणार हे डोळे मिटून सांगता यायचं. निकॉनचा पहिला फुल फ्रेम डिजिटल, डी३, २००७ साली आला. तोवरची सात-आठ वर्षं आम्ही दीडपटीचा हिशेब करत काढली. तुम्हाला आता तो उलटा करायचा आहे.

गडवाट

२४-२०० घ्या आणि मोकळ्या व्हा. ५७० ग्रॅम, फिल्टर ६७ मिमी, जो तुमच्या १८-१४०चाच आहे, म्हणजे तेच फिल्टर चालतील. मी वासोट्यापासून साल्हेरपर्यंत सगळीकडे तीच घेऊन फिरतो. चढणीवर लेन्स बदलायला कोण थांबतंय?

सांजवारा

रीळकाका, काल रात्री बसून मोजलं. चार आणि पाच तारे दिलेले फोटो ११४० निघाले.

बरोबर १८ मिमीवर २६८. १८ ते ३५च्या मध्ये ३००. ३५ ते ८०च्या मध्ये ३३०. ८० ते १४०पर्यंत १५०. त्यापुढचे ९२, त्यातले जवळजवळ सगळे ३००वर आणि सगळे पक्षी.

१८वर इतके असतील असं वाटलं नव्हतं. मला अतिवाइड लेन्सच हवी आहे असा याचा अर्थ का?

जुनी रीळ

नाही, एवढ्यात नाही. ते २६८ फोटो परत उघडा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: इथे मला आणखी मागे सरकायचं होतं का? पाठ भिंतीला टेकली होती, मागे दरी होती, म्हणून १८वर अडकले होते का? की लेन्स बॅगेतून निघते तेव्हा १८वरच असते, म्हणून तसाच फोटो घेतला?

टोकाला अडकलेला फोटो आणि टोकाला सहज पडलेला फोटो, आकडा दोघांचा एकच दिसतो.

सांजवारा

पाहिले. खरोखर अडकलेले चाळीसच्या आसपास. बहुतेक देवळांच्या आतले आणि दोन-तीन वाड्यांमधले. बाकीच्यांत उलट थोडं पुढे जायला हवं होतं असं आता वाटतंय. कासच्या कितीतरी फोटोंत खालचा अर्धा भाग नुसतं गवत आहे.

आणि ८० ते १४०च्या दीडशे फोटोंतले ११० लेकीच्या कार्यक्रमांचे आहेत.

जुनी रीळ

मग तुमचं उत्तर तुम्हीच काढलंत. डीएक्सवरचे ८० म्हणजे फुल फ्रेमवरचे १२०. तिथपर्यंतचे तुमचे फोटो होतात ८९८, म्हणजे पाचातले जवळजवळ चार. २४-१२० तुमच्या हातात कायम राहील. वाइड बाजूलाही तुम्ही कमावताय: तुमची १८ म्हणजे २७ होती, आता खरी २४ मिळेल. त्या चाळिसांतले काही तरी त्यातच सुटतील.

राहिली दोन कामं, रंगमंच आणि पक्षी. ती वेगळी सोडवा. ती दोन्ही या लेन्सच्या गळ्यात बांधू नका.

उभा मांडव

मी कोल्हापूरला लग्नं करते, गेली अकरा वर्षं, सोनीवर. एफ/२.८ची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितेय.

माझं अर्धं काम संध्याकाळी सातनंतर असतं. कार्यालयातले दिवे कधी पिवळे, कधी जांभळे, आणि नवरी सप्तपदीला चालत असते. तिथे एफ/४ आणि एफ/२.८मधला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणा येतो) ६४०० की ३२०० इतका फरक. वर्षातले साठ दिवस मला तो लागतो, म्हणून माझे पैसे वसूल होतात. ताई, तुमचे अंधारातले कार्यक्रम वर्षाला दोन-तीन. त्यासाठी ८०५ ग्रॅमची २४-७० (पहिली आवृत्ती) रोज गळ्यात वागवायची का, याचा विचार करा. आणि ती ७०लाच संपते. रंगमंचाला तर ती लागणारच नाही.

दुसरं, २८पासून सुरू होणाऱ्या झूमबद्दल. २८-७५ एफ/२.८ हलक्या असतात, साडेपाचशे ग्रॅमच्या घरात, स्वस्तही पडतात. मी पहिली तीच घेतली होती आणि मांडवात ती उत्तम चालली. पण घरातल्या कार्यक्रमात चार मिमीचा फरक कळतो. साधा हिशेब सांगते. तीन मीटरवर उभं राहून २४नं साडेचार मीटर रुंदी मावते, २८नं तीन मीटर ८५ सेंटिमीटर. देवघरासमोर सगळं घर उभं आहे आणि तुमच्या मागे स्वयंपाकघराची भिंत आहे, तेव्हा त्या ६५ सेंटिमीटरमध्ये एका बाजूची आत्या आणि दुसऱ्या बाजूचे काका असतात. त्यांना "जरा आत सरका" म्हणून किती वेळा सांगणार? मी शेवटी २४-७० घेतली ती एवढ्याचसाठी.

गडवाट

मला एक कळत नाही. फुल फ्रेमवर एफ/४ म्हणजे क्रॉपवरचा एफ/२.८च ना? मग दुकानदाराचं म्हणणं मुळातच चूक नाही का?

जुनी रीळ

अर्धं बरोबर आहे. हा गोंधळ इतक्यांचा होतो की नीट लिहितो.

एक्स्पोजर बदलत नाही. एफ/४, १/२५० आणि आयएसओ ८०० हे क्रॉपवर जेवढं उजळ, तेवढंच फुल फ्रेमवर उजळ. लाइट मीटर हातात घेऊन बघा, तो सेन्सरचा आकार विचारत नाही.

बदलतात त्या दोन गोष्टी. एक, निकॉनच्या बाबतीत फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पट आहे. तेवढ्याच एक्स्पोजरला त्यावर एकूण प्रकाश सव्वादोन पट पडतो, म्हणून त्याच आयएसओला फोटो साधारण एका स्टॉपनं स्वच्छ येतो. दोन, तीच चौकट भरायला तुम्ही लांब फोकल लेन्थ वापरता, म्हणून मागचं जास्त विरघळतं. एफ/४ला दीडनं भागलं की २.७ येतं. खोली (किती अंतरापर्यंतचं स्पष्ट दिसतं ती) आणि दाणा, या दोन बाबतींत फुल फ्रेमवरची एफ/४ झूम क्रॉपवरच्या एफ/२.८ झूमच्या बरोबरीची.

आता ताईंच्या १८-१४०चं बघा. ती १४०ला एफ/५.६ होती. नव्या लेन्सवर १२०लाही एफ/४ आहे, म्हणजे एक स्टॉप लेन्सनं दिला, एक सेन्सरनं. रंगमंचावर काल आयएसओ ६४००ला जो दाणा यायचा, त्याच शटर स्पीडला आता आयएसओ ३२०० पुरेल आणि ते जुन्या कॅमेऱ्याच्या १६००इतकं स्वच्छ दिसेल. "मग फुल फ्रेम कशाला" या प्रश्नाचं हे उत्तर आहे. एफ/४ लावूनही ताई दोन स्टॉप पुढे जातायत.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती कासला जाणवेल. पायाजवळच्या फुलापासून मागच्या ढगापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर क्रॉपवर एफ/८ पुरायचा, आता एफ/११ लागेल. वाऱ्यात फुलं हलतात, त्यामुळे शटर आणि आयएसओ यांचा मेळ नव्यानं बसवावा लागेल. पहिला आठवडा त्यातच जाईल, तो जाऊ द्या.

तळकोकण

माझा अनुभव कॅननचा, पण ताईंना एक गोष्ट ताडून बघायला उपयोगी पडेल. मी ६०डीवरून ६डीवर गेलो तेव्हा हातात दोन ईएफ-एस, म्हणजे कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या, लेन्स होत्या. घरी येऊन लावायला गेलो, लागेचनात. कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर ईएफ-एस बसतच नाही, आणि हे मी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. ऐन गणपतीत नवा कॅमेरा लेन्सशिवाय पडून राहिला. आता त्यांच्या आर मालिकेवर अॅडॅप्टरनं त्या लागतात, पण चित्र क्रॉप होऊनच येतं.

निकॉनचं इतकं वाईट नाही, पण तुमच्या तिन्ही लेन्सचं काय होणार ते आधीच बघून ठेवा.

पाणकावळा

तळकोकण यांनी बरा विषय काढला. सांजवाराताई, एफटीझेड अॅडॅप्टर घ्यालच असं धरून सांगतो. तो जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडतो. माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा, जुन्यांची एफ, नव्यांची झेड.

एफ माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर असतं, झेडमध्ये १६. मधले साडेतीस मिमी भरून काढायचे, एवढंच एफटीझेडचं काम. आत काच नाही, पोकळी आहे. म्हणून चित्राच्या दर्जात काहीही कमी होत नाही.

तुमची १८-१४० त्यावर चालेल, पण कॅमेरा आपोआप डीएक्सवर जाईल आणि साडेचोवीस मेगापिक्सेलचे साडेदहाच्या आसपास उरतील. नवी लेन्स येईपर्यंत पुरतं. ५० मिमी डीचा ऑटोफोकस जाईल, कारण ती लेन्स फिरवायची मोटर डी७२००च्या पोटात होती आणि एफटीझेडमध्ये ती नाही. हातानं फोकस करून वापरता येईल.

७०-३०० मात्र मुळातच फुल फ्रेमची लेन्स आहे! तिला स्वतःची मोटर आहे, व्हीआर आहे, झेडवर पुरी चौकट भरेल. विकू नका.

आता माझं मुख्य म्हणणं. पक्षी चौकटीत लहान असेल तेव्हा त्याच्या अंगावर किती पिक्सेल पडतात हे महत्त्वाचं. एकाच लेन्सनं, एकाच जागेवरून काढलेल्या फोटोत तुमचा डी७२०० त्या पक्ष्यावर झेड फाइव्ह टूच्या सव्वादोन पट पिक्सेल टाकतो. कारण दोन्ही चोवीसच्या घरातले, पण क्रॉपचे पिक्सेल छोट्या जागेत दाटीनं बसलेत. भर उन्हात, आयएसओ ४००-८००ला, लांबच्या पक्ष्याला क्रॉप पुढे. पहाटेच्या अंधारात फुल फ्रेम पुढे, आणि नव्या कॅमेऱ्याचा पक्षी ओळखून डोळ्यावर बसणारा फोकस ही वेगळीच मजा आहे.

म्हणून लांब लेन्स अशी घ्या की ती दोन्ही कॅमेऱ्यांना लागेल. झेडची १८०-६०० उत्तम आहे, झूम करताना लांबी वाढत नाही, पण ती डी७२००ला कधीच लागणार नाही. एफ माउंटची २००-५०० एफ/५.६ दोघांनाही लागते. डी७२००वर ती ७५०सारखी दिसते. वजन २३०० ग्रॅम, हे लपवत नाही, पण होडीच्या काठावर बीनबॅग ठेवली की खांद्यावर काही येत नाही. आणि जुन्या बाजारात ती बरीच दिसते, कारण पुष्कळ लोक झेडच्या लेन्सवर गेलेत.

जुनी घेताना दिवसाउजेडी बघा, आणि हे सगळं करून बघा. दोन्ही झाकणं काढा, मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून आत सोडा आणि समोरून तिरक्या नजरेनं बघा. धुळीचे चार कण असणारच, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. झूम रिंग टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा, कुठे अडली किंवा खरखरली तर का ते विचारा. नंतर कॅमेरा लावून विटांच्या भिंतीचा समोरून फोटो घ्या, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा धूसर असेल तर आतलं भिंग सरकलंय. बहुधा लेन्स कधीतरी पडलेली असते.

रिंगण

वारीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

बाहेर येणाऱ्या झूमबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. पाच वर्षांपूर्वी सोमवती अमावास्येला जेजुरीला होतो. पालखी गडावरून कऱ्हेकडे स्नानाला निघाली आणि भंडारा उधळायला सुरुवात झाली. हवा नुसती पिवळी. मी हातातली झूम सतत आत-बाहेर करत होतो, कारण क्षणाक्षणाला काहीतरी वेगळं घडत होतं. झूम लांब होते तेव्हा आत हवा ओढली जाते, आखूड होते तेव्हा बाहेर टाकली जाते, सायकलच्या पंपासारखी. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं तर नळीच्या सांध्यावर पिवळं कडं जमलेलं, आणि समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला भंडाऱ्याची पातळ साय. दुरुस्तीला दिली, उघडून पुसली, फोटो आता चांगले येतात. तरी आजही नळी पूर्ण बाहेर काढून बोट फिरवलं की बोटाला हळद लागते.

तेव्हापासून भंडाऱ्यात किंवा रिंगणाच्या धुळीत जाताना लेन्सभोवती जाड प्लास्टिकची पिशवी, समोर हूडपाशी रबर बँड, आणि समोर साधा पारदर्शक फिल्टर. लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. आरशाविनाच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर समोरच उघडा असतो.

वारीत एकच झूम पुरेशी व्हायला हवी, हे माझं मत यातूनच झालंय. २४-७० लावून गेलात तर रथ जवळ येईपर्यंत थांबावं लागतं, आणि जवळ येतो तेव्हा तुम्ही गर्दीत ढकलले गेलेले असता. १२०पर्यंत जाता आलं की फुगडी घालणाऱ्या आजीचा चेहरा तिला न अडवता मिळतो.

उभा मांडव

रिंगणदादा, पिशवीचं अगदी खरं. हळदीच्या कार्यक्रमात मीही तेच करते.

सांजवारा

किती मनापासून लिहिताय सगळे! तीन-तीनदा वाचलं.

गडवाट, २४-२००चा मी खरंच विचार केला. पण टेलीकडे एफ/६.३ होते, आणि माझ्या पावसाळी फोटोंत बराचसा उजेड धुक्यानंच गिळलेला असतो. शिवाय कासची एक अडचण आहे. तिथे आता वाटेवरूनच फोटो घ्यायचे, फुलांत उतरायचं नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे जेवढं वाटेच्या कडेला आहे त्याच्याजवळ लेन्सनंच जायचं. २४-१२० किती जवळून फोकस करते?

जुनी रीळ

सगळ्या फोकल लेन्थना ३५ सेंटिमीटर, आणि ते सेन्सरपासून मोजलेलं, म्हणजे लेन्सच्या तोंडापासून त्याहून बरंच कमी. १२०वर ०.३९ पट मोठं येतं. म्हणजे ३६ मिमीच्या सेन्सरवर सव्वानऊ सेंटिमीटर रुंदीची वस्तू चौकट भरते. तेरड्याचं एक फूल आणि त्याची दोन पानं, एवढं. डीएक्स क्रॉपवर टाकलंत तर साधारण सहा सेंटिमीटर. सीतेच्या आसवांसारख्या इवल्या फुलाला खरी मॅक्रोच लागेल, पण वाटेकाठची बाकी फुलं होतील. २४-७० एफ/२.८ची पहिली आवृत्ती इथे मागे पडते, ती ०.२२ पटच देते.

एक सांगायचं राहिलं. या लेन्समध्ये व्हीआर नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरलाच स्थिरीकरण आहे, त्यामुळे हात हलण्याचा प्रश्न येत नाही. पण ही लेन्स डी७२००ला लागणार नाही, हे पक्कं लक्षात असू द्या. अॅडॅप्टर एकाच दिशेनं चालतो.

सांजवारा

आणि लेकीचा कार्यक्रम? यंदा डिसेंबरमध्ये शाहू कलामंदिरात आहे. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून मी नेहमी १४०वर असते, म्हणजे आता २१० लागेल.

उभा मांडव

भाड्यानं घ्या. ७०-२०० एफ/२.८ दोन दिवसांसाठी आणायची, एक दिवस तालमीला, एक कार्यक्रमाला. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मिळते. डिपॉझिट आणि ओळखपत्र लागतं, घेतानाच काचेचे आणि माउंटचे फोटो काढून ठेवा म्हणजे परत देताना वाद नको. वर्षातून तीनदा लागणारी, सव्वा-दीड किलोची लेन्स कपाटात ठेवून देण्यापेक्षा हे कधीही बरं.

तालमीला मात्र नक्की जा. कोणत्या अडव्यानंतर (नृत्यातल्या पदन्यासानंतर) ती कुठे थांबते, दिवा कुठे पडतो, हे एकदा बघितलंत की निम्मं काम झालं. नर्तिकेचा फोटो ती थांबते त्या क्षणाचा असतो. तेव्हा १/२५० पुरतो, तिथे एफ/४सुद्धा चालून जाईल. फिरकी आणि उडीला १/५०० लागतो, तिथे एफ/२.८ कामाला येईल.

तळकोकण

लेन्स वाढणार, म्हणून जाता जाता एक. सातारा सावंतवाडीइतका दमट नाही, पण कास-ठोसेघरहून आलेली ओली बॅग तशीच बंद करून ठेवलीत की बुरशीला तेवढं पुरतं. घरी आल्यावर पहिल्यांदा सगळ्या लेन्स बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. मग ड्राय कॅबिनेट असेल तर ४५ टक्क्यांच्या आसपास. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, परत निळे होतात. चामड्याच्या खोळीत लेन्स ठेवू नका. माझी एक सुंदर लेन्स तशीच गेली.

सांजवारा

ठरलं. २४-१२० एफ/४ आणि एफटीझेड आत्ता. ७०-३०० ठेवते, डी७२०० ठेवते. उरलेले पैसे जुन्या २००-५००साठी, पण घाई नाही, भिगवणला जायला नोव्हेंबर आहे. अतिवाइड सध्या नाही. चाळीस फोटोंसाठी १४-३० घ्यायची की नाही ते एक वर्ष २४ वापरून ठरवीन. १८-१४० पुतणीला देणार, तिच्याकडे डी५६०० आहे.

पाणकावळा

२००-५०० बघायला जाल तेव्हा सांगा. पुण्यात असेल तर मी येतो टॉर्च घेऊन.

सांजवारा

जवळजवळ दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

पालखीबरोबर परवा तरडगावला पोचले. त्याआधी चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण झालं. दोन्हीकडे दिंड्यांच्या रांगा, मध्ये मोकळी वाट, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ. मी रांगेच्या टोकाला गुडघ्यावर बसले होते. लेन्सवर पिशवी, रबर बँड, सगळं रिंगणदादांनी सांगितलं तसं.

अश्व लांबून सुटले तेव्हा १२०वर होते, डीएक्स क्रॉपचं बटण दाबून. दोन रांगांच्या मधोमध अगदी लहान दिसत होते. बघता बघता चौकट भरली. क्रॉप काढला. मग ८०, ५०, आणि अश्व माझ्या बाजूनं गेले तेव्हा मी २४वर होते. चार-पाच सेकंदांत हे सगळं. शेवटच्या फोटोत घोड्याची मान वरच्या कडेला, मधोमध उडालेली माती, आणि मागे रांगेतले पन्नासभर हात ती माती उचलून कपाळाला लावायला एकदम खाली वाकलेले. 

पिशवी घरी येऊन काढली. बाहेरून मातकट झाली होती, आत नळी कोरडी आणि स्वच्छ.

रिंगण

ताई, ऐकून डोळे भरून आले. तो हातांचा फोटो टाका इथे. मागच्या वर्षी मी त्याच जागी होतो आणि मला फक्त घोड्याचे पाय मिळाले.

शटर किती होता?

सांजवारा

१/१६००, एफ/५.६, आयएसओ १०००. आभाळ भरलेलं होतं. फोटो आज रात्री टाकते.